मुक्त विणकामाच्या पताका : अंबाजोगाईत प्रदर्शन भरवतोय, तुमचं मत आणि अनुभव हवेत

मांजराकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आम्ही काही जण मिळून हातमागावर विणलेल्या पताकांचं प्रदर्शन भरवतोय. विणणाऱ्यांमध्ये बचत गटातल्या बायका आहेत, विशेष मुलांच्या शाळेतली मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, एक रिक्षावाले काका आणि कॉलेजातली काही पोरंपोरी आहेत. बहुतेकांनी धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारं मागाचं साधन) पहिल्यांदाच हातात धरला. पद्धत जपानची, साओरी नावाची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिसाओ जो नावाच्या बाई ओसाकाकडच्या. जन्म १९१३ चा. इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकवायच्या. वयाच्या ५७ व्या वर्षी त्या मागावर बसल्या. एकदा त्यांच्या ओबीच्या (किमोनोवरच्या रुंद कमरपट्ट्याच्या) कापडात ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा सुटला आणि कापडभर बारीक फट पडली. विणकामाच्या कारखान्यातला जाणकार म्हणाला, माल बाद आहे. बाईंना ती फट आवडली होती. त्यांनी पुढच्या कापडात मुद्दाम अनेक धागे सोडले आणि ते ओसाकातल्या एका मोठ्या ओबीच्या दुकानात नेऊन दाखवलं. तिथल्या मालकाने तोंडभर कौतुक केलं. तिथून हे सगळं वाढलं. २०१८ मध्ये १०४ वर्षांच्या होऊन त्या गेल्या.

पद्धतीत नक्षीचा कागद नसतो, नमुना नसतो. साधी एक-वर-एक-खाली वीण, पायाने दाबायच्या दोन पावड्या, बाकी ज्याच्या मनाला येईल ते. फणीची घरं रिकामी सोडा, चिंध्या घाला, न कातलेली लोकर घाला, धागा मध्येच लोंबता ठेवा. आमच्याकडे एका मुलाने पुरुषभर लांब पताका फक्त निळ्या सुतात विणली आहे. सुरुवातीला कडा आत ओढल्या गेल्यात, पुढे हात सैल झाला तशी रुंदी वाढत गेली आहे. मध्ये वीतभर पट्ट्यात त्याने बाणा (आडवा धागा) फणीने ठोकलाच नाही, नुसता ठेवला. ती पताका खिडकीत धरली की त्या वीतभर पट्ट्यातून समोरचा रस्ता दिसतो.

आता प्रश्न. गावातल्या एका जाणत्या गृहस्थांनी विचारलं, पैठणी आणि हिमरूच्या मुलखात हे असलं कापड टांगायचं कामून? मला वाटतं टांगायचंच. आपल्याकडे माग दिसतो तो एक तर कसबी घराण्यात, नाहीतर संग्रहालयात काचेमागे. मधल्या हजारो माणसांना त्याला हात लावायला कुणी सांगितलंच नाही. पण मला तुमचं ऐकायचं आहे. आणि ज्यांनी कापड टांगलंय त्यांनी टांगण्याबद्दलही सांगा, आमच्यातल्या कुणालाच अनुभव नाही.

बालाघाटी

लई भारी. तारीख टाका, येणारच.

धोटा_पैठण

ताई, राग मानू नका, पण त्या गृहस्थांचा प्रश्न मला पटतो. आमच्या घरात पैठणी विणली जाते. काठातल्या मोराचा एक धागा चुकला तर आम्ही उसवतो आणि परत विणतो. खरी पैठणी उलटी करून बघा, मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, धागे लोंबत नाहीत. एकेका साडीला महिनोन् महिने जातात. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गिऱ्हाईक यंत्रमागाची साडी घेऊन 'पैठणी घेतली' म्हणतंच. अशा वेळी 'चूक ही चूक नसतेच' असं गावोगाव सांगायला लागलो तर कसबाला भाव कोण देणार? मुलांनी विणावं, आनंद घ्यावा, त्याला ना नाही. पण प्रदर्शन म्हटलं की लोक तुलना करणार.

मांजराकाठ

@धोटा_पैठण, राग कसला? हे बोलणं मला हवंच होतं. तुलनेचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. आमच्या गटातल्या एक काकू आठवडाभर वीतभर कापडाशी झुंजल्या. नंतर त्यांना मी पैठणीच्या काठाचा फोटो दाखवला तर त्या कितीतरी वेळ तो मोठा करून बघत बसल्या. म्हणाल्या, "हे माणसाने केलंय?" त्याआधी त्यांनी लग्नाकार्यात शंभर पैठण्या बघितल्या असतील. मागावर बसल्याशिवाय पैठणीची किंमत कळत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

वाकळवाली

मला एक कळेना, यात जपानी काय आहे? आमच्या आज्या वाकळ शिवायच्या तेव्हा कुठे नमुना होता? फाटकं लुगडं, धोतर, पोरांचे सदरे, जे हाताला लागेल ते. टाके वेडेवाकडे, पण प्रत्येकीची वाकळ ओळखू यायची. सासूबाईंची कुठली आणि चुलत सासूबाईंची कुठली, हे मी अंधारात हात फिरवून सांगू शकते.

परभणी_ते_ओसाका

@वाकळवाली मावशी, जपानमध्ये वाकळीचं सख्खं भावंड आहे! साकिओरी म्हणतात. उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकायचा नाही. ओसाकाकडून जहाजांनी जुने कपडे तिकडे जायचे, ते वापरून वापरून विरले की त्याच्या पट्ट्या फाडायच्या आणि त्याच बाणा म्हणून मागावर घालायच्या. जाड, उबदार कापड तयार व्हायचं. कामाचे अंगरखे, कमरपट्टे करायचे. गरज तीच, आपल्याकडे सुई आली आणि तिकडे माग आला.

धाग्याचं शीर्षक बघून थांबलो, कारण मी सध्या ओसाकात नोकरीला आहे. मिसाओ जो यांचं केंद्र इथून जवळ, इझुमी शहरात आहे. तो सगळा पट्टाच कापड विणण्यासाठी प्रसिद्ध. तिथे गेलो तेव्हा एक ऐंशीच्या पुढच्या आजी आणि एक मतिमंद तरुण शेजारी-शेजारी विणत होते. कुणी कुणाला शिकवत नव्हतं. आजी मध्येच त्याच्याकडे बघायच्या आणि तसलाच रंग स्वतःच्या धोट्यात भरायच्या.

बालाघाटी

जगात जर्मनी, भारतात परभणी, आता जपानातही परभणी!

परभणी_ते_ओसाका

आहोतच आम्ही सगळीकडे.

उदगीरचा_राम

मी जरा वेगळं लिहितो. आमच्या उदगीरला खादीच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणतात. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं काम आहे हे. पुढे नांदेडला त्याचे तिरंगे तयार होतात. देशात अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ध्वजाच्या कापडाला भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांकच १. सूत किती जाड, इंचात धागे किती, वजन किती, रंग कुठल्या छटेचा, सगळं ठरलेलं. नमुना तपासणीत नापास झाला की तो ध्वजासाठी चालत नाही. विणणाऱ्याच्या मनाला तिथे वावच नाही, आणि नसायलाच हवा.

लहानपणी शेजारच्या मावशी त्या मागावर जायच्या. त्यांना घरी येऊन काहीतरी मनासारखं विणावंसं वाटलं असेल का, असा विचार हा धागा वाचताना पहिल्यांदा मनात आला. दिवसभर देशाचं कापड विणलं, संध्याकाळी एक वीत आपलं. मला वाटतं दोन्ही पाहिजे. @धोटा_पैठण दादा, तुमचं कसब आणि यांचं मोकळं काम एकमेकांच्या आड कुठे येतं?

डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरचा आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालू लागला, त्याचा फटका या मागांना बसला. आड यायचंच असेल तर ते येतं.

धोटा_पैठण

@उदगीरचा_राम, शेवटचं वाक्य शंभर टक्के. पॉलिस्टरपुढे आपण सगळे एका बाजूला आहोत हे मान्य. पण माझा मुद्दा विक्रीचा आहे. या पताका विकणार का? आणि 'हातमाग' एवढाच शब्द लिहून विकणार का?

मांजराकाठ

पताका विकणार नाही. विणणाऱ्याला परत देणार.

शाळेतली_बाई

मी विशेष मुलांना शिकवते (वेगळ्या जिल्ह्यात). कृपा करून पताकेखालच्या चिठ्ठीवर मुलाचं 'अमुक अपंगत्व' लिहू नका. आमच्याकडे पणत्या-राख्यांच्या प्रत्येक विक्रीत हे झालेलं आहे. लोक वस्तूकडे बघतच नाहीत. चिठ्ठी वाचतात, 'अरेरे, तरी किती छान' म्हणतात, दोन राख्या घेतात आणि जातात. मुलांना हे कळतं हो. आमचा एक विद्यार्थी बोलत नाही, पण कुणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत 'बिचारा' म्हटलं की तो उठून भिंतीकडे तोंड करून बसतो.

सगळ्यांच्या पताका सरमिसळ लावा. शिक्षक, रिक्षावाले काका, मुलं, बायका. नाव लिहायचं तर पहिलं नाव, बस. बघणाऱ्याला ओळखू द्या कुणाची कुठली, आणि नाही ओळखता आलं तर उत्तमच.

विणकामाबद्दल म्हणाल तर या मुलांना पावडी-धोटा-फणी ही ठेक्यातली हालचाल फार मानवते. 'बरोबर की चूक' हे विचारणारं कुणी नसलं की जी मुलं वहीवर एक रेघ ओढायला घाबरतात ती तासभर बसतात. मी हे शिवणाच्या वर्गात करू शकले नाही, कारण तिथे रेघ असतेच.

वाकळवाली

बाई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. +१००

टांगणीवाला

आता कामाचं बोलू या का? नाटकाचे पडदे आणि मंडपाचं कापड टांगण्यात माझी हयात गेली, म्हणून लिहितो.

वरच्या कडेला कापड दुमडून खिसा शिवायचा आणि त्यातून बांबूची कामटी घालायची. खिळे, चिमटे अजिबात नको. सैल विणलेलं कापड खिळ्यापाशी ओढ घेतं आणि तिथून फाटतं. ज्या पताकांत बाणा ठोकलेलाच नाही (ती निळी पताका) त्यांना वरच्या आणि खालच्या टोकाला मागे पातळ मलमलची पट्टी शिवा, म्हणजे धागे घसरत नाहीत.

ज्या पताकेत खाली जाड चिंध्या आणि वर बारीक सूत आहे ती उलटी टांगून बघा. जड बाजू वर गेली की बारीक सुतावर ओझं येत नाही. विणणाऱ्याला विचारून मात्र.

मुख्य गोष्ट: भिंतीला चिकटवून लावू नका. असल्या कापडाचा जीव मागून येणाऱ्या उजेडात आहे. भिंतीपासून दीड-दोन हात सोडा, लोकांना दोन्ही बाजूंनी फिरू द्या. दिवे पुढून मारले तर सगळं सपाट दिसेल. खिडक्या कुठल्या दिशेला आहेत?

मांजराकाठ

@टांगणीवाला काका, हेच हवं होतं! खिडक्या पूर्वेला आणि दक्षिणेला आहेत. उद्घाटन ७ ऑगस्टला धरतोय, राष्ट्रीय हातमाग दिनाला (१९०५ च्या ७ ऑगस्टला स्वदेशी चळवळ सुरू झाली, म्हणून २०१५ पासून तो दिवस पाळतात).

टांगणीवाला

म्हणजे ऐन पावसाळा. सुती कापड दमट हवेत लांब होतं, जमिनीपासून हातभर तरी अंतर ठेवा. आणि सकाळीच बघायला बोलवा लोकांना, पूर्वेचा उजेड आहे तर.

चिंचोका

खाली लोंबकळणाऱ्या पताकांना चिंचोक्याची खळ द्या की! धनगर घोंगडीला देतात तशी. काठीसारखी ताठ राहते.

टांगणीवाला

@चिंचोका, उन्हाळ्यात दिली असती. पावसाळ्यात खळीला बुरशी धरते आणि झुरळं येतात. शिवाय हे कापड मऊ पडण्यातच शोभतं.

परभणी_ते_ओसाका

टांगण्यावरून आठवलं. इथे देवळाबाहेर आणि दुकानांबाहेर उंच उभी निशाणं असतात, नोबोरी. त्यांना वरच्या कडेला आणि एका उभ्या कडेला कापडी बंद लावलेले असतात, उलट्या एलसारख्या काठीत ते ओवायचे. वाऱ्यात गुंडाळलं जात नाही, अक्षरं कायम वाचता येतात. दाराबाहेर दोन-चार पताका लावणार असाल तर हा प्रकार करा. आत मात्र टांगणीवाल्या काकांचंच ऐका.

दासोपंतांचा_शेजारी

मंडळी, अंबाजोगाईत कापडाचं प्रदर्शन म्हणता आणि अजून कुणी पासोडीचं नाव काढलं नाही? संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपला 'पंचीकरण' हा ग्रंथ कागदावर लिहिला नाही, कापडावर लिहिला. लांबलचक पासोडीवर ओव्या, आकृत्या, सगळं. ती पासोडी आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. चारशे वर्षांपूर्वी याच गावात एका माणसाने अंगावर पांघरायचं जाडंभरडं कापड पसरलं आणि त्यावर आपलं सगळं चिंतन मांडलं. त्या गृहस्थांना सांगा, या गावात कापड बोलतं ही गोष्ट जपानहून आलेली नाही.

विणून टांगलेलं आणि लिहून पसरलेलं यात फरक आहे, हे कबूल. पण बघायला येणाऱ्यांना पासोडीची माहिती देणारा एक फलक दाराशी असावा, ही विनंती.

मांजराकाठ

नक्की लावू. मजकूर तुम्हीच लिहून द्या ना.

दासोपंतांचा_शेजारी

देतो.

सास्तूर_माझं_गाव

आज पहिल्यांदाच इथे लिहितोय. इतके दिवस नुसता वाचत होतो.

साओरीबद्दल शोधताना वाचलं की २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये, खाओ लाकच्या भागात, वाचलेल्या लोकांसाठी साओरीचे माग बसवले होते. घर, माणसं, सगळं गेलेल्या बायका तिथे विणत बसायच्या. ते वाचलं आणि वाचन थांबलं. मी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातला आहे. तेव्हा शाळेत होतो. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे भूकंप झाला.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तेव्हा मदतीत गाठोड्यांनी जुने कपडे आले होते. कुठल्या कुठल्या गावचे, शहरातले, अंगाला न बसणारे. माझी आत्या त्यातले फाटके कपडे वेगळे काढायची आणि वाकळ शिवायची. कुणाशी बोलायची नाही. तिची दोन्ही मुलं गेली होती. ती एक वाकळ संपली की दुसरी घ्यायची. शेजारच्या शेडमधल्या बायका हळूहळू तिच्याजवळ येऊन बसायला लागल्या, त्याही शिवायला लागल्या. त्या वाकळी पांघरायला कुणी मागितल्या की ती देऊन टाकायची. एकच ठेवली. टाके कुठे कुठे इतके दाट आहेत की कापड दिसत नाही.

तेव्हा कुणी समुपदेशक आले होते, चांगले होते ते लोक. पण आत्या बोलायला लागली ती सुई हातात असताना. म्हणून मला धागाकर्तीला सांगायचं आहे की हे टांगायचं कामून, हा प्रश्नच मनात ठेवू नका. ती वाकळ तुमच्या प्रदर्शनात लावायची असेल तर मी घेऊन येतो. विणलेली नाही, शिवलेली आहे, चालत असेल तर.

मांजराकाठ

चालेल. दादा, जरूर आणा. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. जागा तुम्हीच निवडा.

वाकळवाली

सास्तूरच्या दादा, आत्याबाईंना नमस्कार सांगा.

सास्तूर_माझं_गाव

त्या आता नाहीत. पण पोचला.

रंगारी

जरा उशिरा येतोय. रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. घरी रंगवलेलं सूत वापरलंय का? हळद आणि पळसफुलं दिसतात सुंदर, पण पूर्वेच्या खिडकीत आठवडाभर ऊन खाल्लं की फिकी पडतात. डाळिंबाची साल तुरटीबरोबर टिकते. काळा हवा असेल तर गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात मुरवून जो द्राव होतो तो वापरा, हरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या सुतावर झकास काळा येतो. हळदीच्या पताका खिडकीपासून लांब लावा, एवढंच.

मांजराकाठ

हळदीच्या दोन आहेत. आतल्या भिंतीकडे हलवते.

बालाघाटी

येणाऱ्यांच्या खाण्यापिण्याचं काय? लांबून येणार लोक. कुंथलगिरीचा पेढा सांगून ठेवा.

शाळेतली_बाई

पेढ्याचे हात पताकांना लागणार नाहीत असं बघा मात्र! आमच्या मुलांना तरी आधी कापड, मग पेढा.

धोटा_पैठण

सगळे प्रतिसाद वाचले. सास्तूरच्या दादांचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

माझं मत सांगतो. कसब वेगळं आणि हे वेगळं, हे मी अजूनही म्हणतो. तुमच्या प्रदर्शनात कुणीतरी भाषण करून 'पैठणी म्हणजे बंधन आणि हे म्हणजे स्वातंत्र्य' असं म्हणणार असेल तर मी येणार नाही. आमचा मोर ठरलेला असतो, पण हात कुणाचा आहे हे घरातल्या माणसाला काठ बघून कळतं. मोकळेपणा तिथेही आहे, फक्त तो फार बारीक असतो.

पण मागाला लोकांचा हात लागला पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला पटलं. आमच्या गल्लीत मुलांना माग नको आहे. 'चुकलं की बोलणी' एवढंच त्यांनी पाहिलंय. माझ्या पुतण्याला तुमच्याकडे घेऊन येतो. त्याला कुणी काही न शिकवता तासभर बसू द्या. आणि परवानगी असेल तर मी एक छोटा माग आणून दिवसभर काठ विणून दाखवतो. एका दिवसात बोटभर होईल. लोकांना ते बोटभर बघू दे.

मांजराकाठ

दादा, परवानगी कसली, मोठे उपकार होतील. भाषण ठेवलेलंच नाही. एक विनंती: तुमच्या दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं आम्ही देणार, त्याला नाही म्हणू नका. प्रात्यक्षिकाला बोलवायचं आणि हारतुऱ्यावर पाठवायचं, हे विणकरांच्या बाबतीत आपल्याकडे फार होतं.

धोटा_पैठण

बरं. घेईन.

उदगीरचा_राम

शेजारच्या त्या मावशींना फोन केला होता. आता सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. 'मनाला येईल ते विणायचं' हे तीन वेळा सांगावं लागलं. मग विचारलं, "सूत कुठलं देतेत?"

मांजराकाठ

त्यांना सांगा वीस नंबरी दोन पदरी सुती ताणा चढवलेला आहे, बाण्याला जे म्हणतील ते देऊ. पावडीला पाय लावायला नको असेल तर आमची एखादी मुलगी पावडी दाबेल. गाडीची सोय करू?

उदगीरचा_राम

गाडी माझी आहे. सकाळी सातला निघतो. उजेड गेल्यावर पोचायला नको.